चावी कुणाकडे आहे?

अगं, काल पाठवलेले तुझे सगळे फोटो मी रात्री जेवणं आटोपल्यावर सावकाश बघितले. तुझ्या खेळातल्या शहराचे चौदा गट, चौदा झेंडे, प्रत्येकाची मुद्रा, ब्रीदवाक्य आणि चारशे वर्षांचा इतिहास. तो दोन निळ्या माशांचा झेंडा मला इतका आवडला की मोठा करून दोनदा पाहिला. हात तुझा लहानपणापासूनच सुरेख आहे. पण सगळ्यात खाली तू लिहिलंयस, "ताई, सगळं तयार आहे, तरी शनिवारी खेळ सुरू झाला की हे लोक नुसते उभे राहतील असं वाटतंय." ते वाचल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. ही भीती मला पाठ आहे, राणी. फोनवर तुटक तुटक बोलण्यापेक्षा आज निवांत लिहितेय. चहा घे आणि बस.

आधी एक आठवण. आपण गावी राहायचो तेव्हाचं तुला फारसं आठवत नसेल, तू तिसरीत होतीस. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. ते सोडायला चावीवाला यायचा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सायकलवरून आळीत शिरायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. आई त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. वरच्या आळीतले म्हणायचे, हा खालच्यांना अर्धा तास जास्त पाणी सोडतो. खालचे म्हणायचे, वरच्यांनी नळालाच मोटारी लावल्यात, आमच्यापर्यंत येणार काय? दोघांचंही खरं होतं. त्या चावीवाल्याला ना झेंडा होता ना ब्रीदवाक्य, आणि पगारही बेताचाच असणार. पण चार दिवसांतून एकदा अख्ख्या गावाची नजर त्याच्या खांद्यावर असायची.

इतकी वर्षं डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, खुर्चीत बसून मी जे शिकले ते तिथंच शिकता आलं असतं. गट झेंड्यापासून सुरू करायचा नाही, चावीपासून करायचा. सगळ्यांना लागणारी एकच गोष्ट घ्यायची आणि विचारायचं, हिची चावी कुणाकडे आहे? ती कुणाला हवी आहे? आणि ती फिरलीच नाही तर कुणाच्या घरचा हंडा कोरडा राहतो? या तीन प्रश्नांची उत्तरं म्हणजे तुझे गट. झेंडे नंतर आपोआप शिवले जातात.

जाणत्यांनी हे कसं केलंय ते बघ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, तेव्हा त्यातली मुख्य गंमत तळघरात उतरायची, राक्षस मारायचे आणि खजिना आणायचा, ही होती. वीस वर्षांनी, १९९४ साली, डेव्हिड कुक यांनी त्याच खेळासाठी प्लेनस्केप नावाचं जग लिहिलं. त्यातल्या सिगिल शहरात पंधरा गट आहेत आणि प्रत्येकाचं विश्वाबद्दल एकेक ठाम मत आहे. डस्टमेन म्हणतात, आपण सगळे आधीच मेलेलो आहोत. हार्मोनियमवाले म्हणतात, सगळे एका सुरात आले की जगात शांतता नांदेल. सेन्सेट म्हणतात, पंचेंद्रियांनी अनुभवलं तेवढंच खरं. एवढ्यावरच थांबले असते तर ती वादसभा झाली असती. कुक यांनी या मतवाल्यांना शहरात कामाला लावलं. डस्टमेन शवागार सांभाळतात. हार्मोनियम रस्त्यावर पहारा देतं. फ्रॅटर्निटी ऑफ ऑर्डर न्यायालयं चालवते आणि मर्सीकिलर्स तुरुंग. आता तुझ्या खेळाडूंना तत्त्वज्ञानाचं वावडं असलं तरी चालेल. सोबती मेला तर डस्टमेनच्या दारात जावंच लागतं. बाजारात मारामारी केली तर हार्मोनियमशी गाठ पडतेच. मत गटाला स्वभाव देतं. पण खेळाडूंना त्याच्या दारापर्यंत आणतं ते त्याचं रोजचं काम.

हे मी तुला इतक्या खात्रीने सांगतेय, कारण याच डस्टमेनवरून मी एक चूक केली होती. ती आजवर घरात कुणाला सांगितली नाही, आज तुला सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या कॅम्पेनमध्ये मी शहराबाहेर प्रेतं नेणाऱ्यांचा गट केला. कल्पना प्लेनस्केपवरूनच घेतली होती. पण डस्टमेन कुणीही होऊ शकतो, ज्याला ते मत पटेल तो. माझ्या गटात मात्र माणूस जन्माने असायचा. वर मी लिहिलं होतं की हे लोक स्वभावतःच चोर, मेलेल्यांच्या अंगावरचं काढून घेणारे. लिहिताना मला त्यात काही वावगं दिसलं नाही. टेबलावर आमची एक मैत्रीण होती, सगळ्यांत हुशार खेळाडू. त्या दिवशी ती एकदम गप्प झाली. पुढच्या आठवड्यात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "माझे आजोबा गावात हेच काम करायचे. लोक त्यांच्याबद्दल हेच बोलायचे."

आपल्याकडे आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात हिशेब मांडतो, हे तुलाही माहीत आहे. खेळाच्या टेबलाशी बसताना ते आडनाव कुणी चपलांसारखं दाराबाहेर ठेवून येत नाही. म्हणून तुला कळकळीने सांगते, एखाद्या गटाचा दुर्गुण जन्माला बांधू नकोस. खेळ लिहिणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना, कळलं. डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने २०२० साली जाहीरपणे सांगितलं की ऑर्क आणि ड्राव या खेळातल्या काल्पनिक वंशांना जन्मजात दुष्ट दाखवणं आम्ही बदलतोय. २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमधून तर त्यांनी 'रेस' हा शब्दच काढला, तिथे आता 'स्पीशीज' आहे. तू कुणाची वाट बघू नकोस. माणूस गटात कशाने येतो हे आधी लिही: कर्जाने, शब्दाने, भीतीने, प्रेमाने, कामाने. जन्माने येत असेल तर त्यातून बाहेर कसं पडतो, हेही लिही. आणि पहिल्या शनिवारी फासे टाकण्याआधी अर्धा तास सगळ्यांना विचार, आपल्या खेळात काय नको? त्या अर्ध्या तासाने मला एक मैत्रीण परत दिली असती.

आता तुझ्या यादीकडे येते. चौदाही नावांपुढे तू 'संघ' लावलंयस. तिथंच ते सगळे एकसारखे झाले. अगं, आपल्या भाषेत याला किती शब्द आहेत बघ, आणि प्रत्येक शब्द त्या माणसांना एकत्र ठेवणारी दोरी सांगतो. टोळीला नायक असतो आणि लुटीची वाटणी असते. वाटणी चुकली की टोळी फुटली. पंथाला गुरू असतो, त्याच्यामागे गादीवर कोण हा प्रश्न पंथाच्या पोटातच असतो. भाऊबंदांना बांधाची जमीन असते, तीच त्यांना जोडते आणि तीच भांडायला लावते. फडाला परंपरा आणि मान असतो. तट म्हणजे किल्ल्याची भिंतही आणि माणसांतली फूटही, एकाच शब्दात दोन्ही. कंपू आज आपण ऑफिसातल्या चौघांच्या टोळक्याला म्हणतो, पण महादजी शिंद्यांच्या काळात कंपू म्हणजे कवायती फौजेची पलटणं होती. नुसता शब्द नीट निवडलास तरी गटाचं अर्धं गुपित उघडं होतं. तुझ्या निळ्या माशांच्या लोकांना संघ म्हणू नकोस. ते फड आहेत की भाऊबंद, हे ठरव आणि मग तुला कळेल ते एकमेकांशी कशावरून भांडतात.

मानाचं तर तुला पुण्यात राहून मी काय सांगणार? विसर्जनाच्या मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हा क्रम शेंबड्या पोरालाही तोंडपाठ असतो. क्रम म्हणजे मान. तुझ्या शहरात एक मिरवणूक ठेव आणि सगळे गट एका रांगेत उभे कर. कोण पुढे, कोण मागे, यंदा एकाची जागा का बदलली, एवढ्यावर दोन शनिवार निघतील.

गटासाठीच्या 'फॅक्शन' या इंग्रजी शब्दाचीही एक गोष्ट आहे आणि ती प्रत्येक डीएमला माहीत असायला हवी असं मला वाटतं. रोमन लोक रथांच्या शर्यतींतल्या संघांना फॅक्तिओ म्हणत. लाल, पांढरा, हिरवा, निळा, असे चार. पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये निळे आणि हिरवे हेच दोन मोठे उरले. नुसते शर्यतीचे पाठीराखे नव्हते ते. रस्त्यात मारामाऱ्या करायचे, भर मैदानात सम्राटासमोर गाऱ्हाणी घोषणा देऊन मांडायचे. सम्राट जस्टिनियन स्वतः निळ्यांकडे झुकलेला. इसवी सन ५३२ च्या जानेवारीत एका दंगलीपायी काही जणांना फाशी होती. फाशीचा सांगाडा मोडला आणि दोघं वाचले. एक निळा, एक हिरवा. दोघांनी चर्चमध्ये आसरा घेतला, बाहेर पहारा बसला. लोकांनी दया मागितली, सम्राटाने दिली नाही.

पुढच्या शर्यतींच्या दिवशी मैदानात एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोन गट एकाच आवाजात ओरडू लागले: निका, म्हणजे जिंका. शहर पेटलं, राजवाड्याशेजारचं मोठं चर्चही जळालं. आज इस्तंबूलमध्ये हागिया सोफिया दिसतं ते त्यानंतर त्याच जागी बांधलेलं. लोकांनी हिपेशियस नावाच्या सरदाराला सम्राट म्हणून बसवलंसुद्धा. तेव्हा जस्टिनियनचा नार्सेस नावाचा माणूस सोनं घेऊन मैदानात शिरला. निळ्यांच्या म्होरक्यांना त्याने सोनं दिलं आणि आठवण करून दिली की जस्टिनियन कायम तुमच्या बाजूचा आणि हा हिपेशियस हिरव्यांचा. निळे उठून चालू लागले. मागे उरलेल्या गर्दीवर सैन्य तुटून पडलं. इतिहासकार प्रोकोपियसने मृतांचा आकडा तीस हजारांच्या वर सांगितलाय.

हे वाचलं की अंगावर काटा येतो. पण तू यातली रचना बघ. दोन वैरी एकत्र आले, कारण दोघांचंही एकेक माणूस एकाच दाराआड अडकलं होतं. एकाच वाक्याने आणि एका थैलीने ते पुन्हा फुटले, कारण जुनं वैर मिटलं नव्हतं, फक्त झाकलं गेलं होतं. तुझ्या गटांमध्ये असं एक दार हवं आणि असं एक वाक्यही हवं. ते वाक्य तुझ्या खेळाडूंच्या हाती लागेल अशा जागी ठेव. कधी ते दोन गटांना जोडतील, कधी फोडतील, आणि जे होईल ते त्यांचं असेल.

नुसतं ऐकून हे नीट उतरत नाही, म्हणून तुझ्यासाठी एक शहर मांडून दाखवते. आवडलं तर घे, मोड, बदल, तुझंच आहे.

उघडा माळ, त्यावर तटबंदीचं शहर. पाऊस नावाला. मधोमध सात मजले खोल बारव, तिचं पाणी कधी आटत नाही. पण त्या पाण्याचं मोल वेगळं आहे. दर हंड्यामागे पिणाऱ्याचा मागचा एक दिवस पुसला जातो. कोणता दिवस, ते कुणाच्या हातात नाही. कुणाचा एखादा रटाळ मंगळवार जातो, कुणाचा लग्नाचा दिवस जातो.

आता विचार, चावी कुणाकडे? एक चावी पखालींकडे. ते बारवेत उतरतात, चामड्याच्या पखाली भरतात आणि घरोघर पाणी घालतात. पखाली कुणीही होऊ शकतं. ज्याला कर्ज फेडायचंय तो येतो, आणि ज्याला एखादं दुःख विसरायचंय तोही. पाणी सतत अंगावर झिरपत असल्याने ते सगळ्यांत जास्त विसरतात. दुसरी चावी वहीवाल्यांकडे. पाणी पिण्याआधी लोक त्यांच्याकडे जाऊन आपले दिवस लिहून ठेवतात: कुणाशी लग्न झालं, कुणाचं किती देणं, बांध कुठे आहे. शहराची सगळी आठवण त्यांच्या कपाटात. तिसरे तटाबाहेरचे दवकरी. पहाटे माळावर कापडं अंथरून दव गोळा करतात, पिळून पितात आणि बारवेच्या पाण्याला स्पर्श करत नाहीत. म्हणून त्यांना सगळं आठवतं. बारव कुणी खोदली तेही. खोदताना काय शब्द दिला होता तेही. आणि गेली काही वर्षं दव कमी पडू लागलंय.

बघ, तीनच गट आहेत. पाणी एकाकडे, लेखी आठवण दुसऱ्याकडे, जिवंत आठवण तिसऱ्याकडे. प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवी असलेली चावी आहे आणि स्वतःच्या कुलपाची चावी दुसऱ्याकडे आहे. यांतला एकही वाईट नाही. पखाली नसतील तर शहर तीन दिवसांत मरेल. वहीवाले नसतील तर आई स्वतःच्या मुलाला ओळखणार नाही. दवकऱ्यांची मुलं तहानलेली आहेत. तीन गटांनी सुरुवात कर, बाळा. तुझे उरलेले अकरा झेंडे कपाटात राहू देत, ते कुठे जात नाहीत. खेळाडू एखाद्या बोळात शिरले आणि म्हणाले, इथे कोण राहतं, की त्यातला एक काढ.

आता गटाच्या आत शिरायचं. माझ्या मते खरी मजा इथेच आहे आणि नवे डीएम इथेच थांबतात. बाहेरून एकसंध दिसणारा गट आतून कधीच एकसंध नसतो. आपल्या इतिहासातलं बारभाईंचं कारस्थान आठव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं आणि काका रघुनाथराव पेशवे झाले. तेव्हा नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, नानांचेच चुलतभाऊ मोरोबा फडणीस, त्रिंबकराव पेठे असे एकमेकांशी फारसं न पटणारे कारभारी एकत्र आले. त्यांना बांधणारी गोष्ट एकच होती, रघुनाथराव नकोत. आणि त्यांची आशाही एकाच ठिकाणी होती: नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेलं. म्हणजे सगळ्या दौलतीची चावी एका न जन्मलेल्या बाळाकडे! १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

आणि मग? ज्याच्यासाठी एकत्र आले ते साधलं, तेव्हा दोरी सैल झाली. १७७८ साली मोरोबा रघुनाथरावांना परत आणायच्या खटपटीला लागले, नानांनी त्यांना कैदेत टाकलं. पुढे सखारामबापूही कैदेत गेले. बारभाईंची शेती काय लागेल हाती, ही म्हण आजी उगाच म्हणायची नाही. रघुनाथराव तिकडे इंग्रजांकडे गेले, १७७५ चा सुरतेचा तह झाला आणि बाहेरचा गट घरात शिरला. घरच्या भांडणात बाहेरच्याला हात देणारा कुणीतरी प्रत्येक कथेत असतो. तुझ्या कथेतही एक ठेव, आणि त्याला खलनायक करू नकोस. त्याच्या डोळ्यांसमोर दुसरी वाट नसते, असं दाखव.

म्हणून प्रत्येक गटाला विचार, तुम्हाला एकत्र ठेवणारी एक गोष्ट कोणती, आणि ती मिळाली की तुमच्यातलं कोण कुणावर उलटेल? आपल्या पखालींत बघ. विसरायला आलेले म्हणतात, हे काम असंच चालू दे. कर्ज फेडायला आलेले म्हणतात, आमचं फिटलं, आता घरी जाऊ द्या. पण वही म्हणते, अजून बाकी आहे. आणि फेडल्याचं कुणालाच आठवत नाही, फेडणाऱ्यालासुद्धा. वहीवाल्यांपैकी कुणी पान बदललं असेल का? वहीवालेही तेच पाणी पितात. ज्याने बदललं त्यालाही आता आठवत नसेल. हे लिहिताना माझ्याच घशाला कोरड पडली, इतकं मला ते शहर दिसतंय.

पण गट कागदावर कितीही छान असला तरी खेळाडू गटाशी बोलत नाहीत, माणसाशी बोलतात. म्हणून एकेक चेहरा हवा. पखालींची नाईक घे. पन्नाशीची बाई, पाठ वाकलेली, हातावर मुलाचं नाव गोंदलेलं. रोज सकाळी उठल्यावर ती आधी ते गोंदण वाचते, मग मुलाला हाक मारते. वहीवाल्यांकडे एक शिकाऊ मुलगा, त्याने कापलेलं पान पाहिलंय आणि तेव्हापासून तो पाणी प्यायला घाबरतोय. दवकऱ्यांची एक म्हातारी, तिला प्रत्येक अपमान तारखेनिशी आठवतो आणि ते तिला सोसत नाही. तिला आतून वाटतं, बारवेचं एक भांडं पाणी प्यावं. तुझे खेळाडू तिला ते आणून देतील की नाही? यावर ते टेबलाभोवती आपापसांत भांडतील, आणि तू फक्त ऐकत बस.

या चेहऱ्यांना एकेक गोष्ट अशी दे जी ते कधीच करणार नाहीत. पखाली कुणाला तहानेने मरू देत नाहीत, शत्रूलाही नाही. वहीवाले लिहिलेलं जाळत नाहीत. हा नियम खेळाडूंना कळला की ते गटावर विश्वास टाकू शकतात, आणि ज्या दिवशी तो नियम मोडेल त्या दिवशी टेबल हादरेल.

खेळाडूंना या सगळ्यात कसं ओढायचं, तर देण्याघेण्याने. पात्रं बनवताना प्रत्येकीला एक प्रश्न विचार. तुझा कोणता दिवस गेलाय आणि तो कुणाला आठवतो? तुझं कोणतं पान वहीत आहे जे कुणी वाचू नये? पखालींनी तुला कधी फुकट पाणी घातलं होतं? उत्तरं त्यांची त्यांना देऊ दे. तू लिहिलेल्या चारशे वर्षांच्या इतिहासापेक्षा त्यांच्या दोन ओळी जास्त चालतील, कारण त्या त्यांच्या पोटातून आलेल्या असतील.

आणि तुझी भीती, लोक नुसते उभे राहतील ही. त्यावर औषध आहे. जॉन हार्पर यांचं ब्लेड्स इन द डार्क २०१७ साली आलं, ते जमलं तर मागव. त्यात डॉस्कव्होल नावाचं चोरांचं शहर आहे आणि तिथला लॅम्पब्लॅक हा गट मला फार भावतो. ते पूर्वी रस्त्यावरचे दिवे लावणारे कारागीर होते, विजेचे दिवे आले, काम गेलं आणि ते गुन्हेगारीकडे वळले. एका ओळीत गट उभा राहिला, कारण ती ओळ पोटाची आहे. त्याच खेळात प्रत्येक गटाशी तुमचं नातं उणे तीन ते अधिक तीन असं मोजतात. आणि गटांची घड्याळं असतात, ही युक्ती व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्येही आहे. कागदावर एक वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि वर लिहायचं, हा गट काय करायला निघालाय. खेळाडू दुसरीकडे रमले तरी वेळ जातो तसा एकेक भाग रंगवायचा. वर्तुळ भरलं की ती गोष्ट घडली.

दवकऱ्यांसाठी सहा भागांचं वर्तुळ काढ: तटाखालून बारवेपर्यंत भुयार. पहिला भाग भरला की खेळाडूंना फक्त ओली माती दिसू दे. दुसऱ्याला रात्री जमिनीखालून ठोके ऐकू येऊ देत. तिसऱ्याला एक पखाली बेपत्ता. काहीच न सांगता एकदम भुयार फुटलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल. पण ठोके ऐकूनही ते गप्प राहिले, तर पाणी कुठे वळलं याचा जाब ते स्वतःलाच विचारतील. आणि हो, दर शनिवारी घरी आल्यावर, झोपायच्या आधी, एकेका गटासाठी एकच ओळ लिही: आज यांना काय कळलं आणि उद्या सकाळी हे काय करतील. पाच मिनिटं लागतात. मी अजूनही लिहिते, अंथरुणात बसून, मांडीवर वही घेऊन.

पहिल्या सेशनला इतिहास सांगू नकोस, कितीही जीव टाकून लिहिला असलास तरी. दारावर थाप पडू दे. तो शिकाऊ मुलगा दारात उभा, ओठ फुटलेले, दोन दिवस पाणी न प्यायलेला, अंगरख्यात एक पान लपवलेलं. तो म्हणतो, हे वाचून दाखवा, मी वाचलं तर त्यांना कळेल. आणि लगेच मागून पखालीतून पाणी टपकल्याचा आवाज.

एक राहिलं. शनिवारी खुर्ची असेल तर मी येते, सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारपर्यंत पोहोचेन. मला ती दवकरी म्हातारी खेळायला देशील का? आणि निळ्या माशांचा झेंडा फाडू नकोस हं. ज्या माळावर पाऊस पडत नाही तिथल्या लोकांच्या झेंड्यावर मासे आले कुठून, हे मला कालपासून सुचत नाहीये. तुला सुचलं तर रात्री कितीही वाजता फोन कर.